बाब क्रमांक सत्तेचाळीस

अंदाजपत्रकात ती एका ओळीची होती.
बाब क्रमांक सत्तेचाळीस: चिमणी, घासून चुना मारणे, एकरकमी.
साडेआठ हजार हा आकडा मीच लिहिला होता,
सदरच्या बंद बेकरीसमोर, टपरीवर,
एका हातात चहा, मान वर.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात मागची शेड काढली.
गंजके पत्रे, दोन कैच्या, एक जुनाट गर्डर.
भंगारवाल्यानं काट्यावर तोलून नेलं सगळं,
जागा मोकळी झाली म्हणून आम्ही खूश.
तिसऱ्या दिवशी डोमाजी बोरकुटे
डबा अर्धा टाकून आले:
"मॅडम, चिमणी वाकून पाहून राहिली आपल्याकडं."

मी हसले.
त्यांनी वरून ओळंबा सोडला.
दोरी झुलली, थांबली,
आणि खाली येईपर्यंत
दोरी अन् वीट यांत चार बोटं अंतर.
थापीच्या मुठीनं प्लास्टर ठोकलं,
आतून मडकं बोललं.

त्या रात्री कळलं ते असं:
आम्ही जिला शेड म्हणत होतो तो खांदा होता.
गर्डरचं टोक भिंतीत नव्हतं, चिमणीत होतं.
कुणीतरी, कधीतरी, कुठल्याच नकाशात न दाखवता
घेरी आलेल्या माणसाला धरावं
तसं धरलं होतं तिला.
आणि आम्ही ते बावीस रुपये किलोनं विकलं.

ट्रस्टची बैठक. कूलरचं पाणी टपटपतंय.
खजिनदार पिंपळापुरे सर म्हणाले, "पाडा नं मग.
अभ्यासिकेत धूर कशाला?"
खरं तर बरोबर होतं त्यांचं.
अन्सारी साहेबांनी फक्त तडा गेलेला फोटो सरकवला.
भट्टीची भिंत तिच्याच पोटातून निघते;
ती गेली तर एकटी जाणार नाही.
आकस्मिक खर्चाचे तीन टक्के
बोअरवेलनं आधीच पिऊन टाकलेले.
ग्रॅनाइट गेलं. फॉल्स सीलिंग गेलं.
चार एसींचे दोन झाले.
पोरांच्या टेबलांना कुणी हात लावायचा नाही,
हे मी ओरडून म्हटलं.
मग सॉरी म्हटलं.

पहाटे पाच ते दहा, एवढाच आमचा दिवस.
नंतर पारा शेचाळीस, परातीला हात लावता येत नाही.
वरचे अकरा फूट एकेक वीट करून उतरवले.
फुलबासन गेरूनं आकडे टाकायची,
तिच्या सातला शेपटी असायची.
चुना, सुरखी, बेलफळाचं पाणी, थोडा गूळ;
माशा आमच्याआधी हजर.
ओलं पोतं तासाभरात पापड.

नवव्या थरात, फटीत ठोकलेला,
पावाचा एक चेपलेला साचा सापडला.
त्याच माणसाची दुसरी युक्ती असावी.
आम्ही तो पुसून खिडकीत ठेवला,
आता त्यात खिळे असतात.

"चौथीपर्यंत मी चिमणीवरच शिकलो, मॅडम,"
डोमाजी विटा भिजवताना म्हणाले.
"ते रॉकेलची. वारा आला का विझे."
पुढं काही बोलले नाहीत.
मीही विचारलं नाही.

शेवटच्या थराला पुन्हा ओळंबा.
अर्धं बोट राहिलं होतं.
मी म्हटलं, एवढं काढूया.
"नोका काढू. खालचे थर वाकड्यातच बसले,
त्याईले सवय हाय.
पुरी सरळ केली त ते तडकतीन."

मेजरमेंट बुकात आता ती तीन पानं आहे,
सत्तेचाळीस-अ पासून सत्तेचाळीस-ज पर्यंत.
बिल अजून पिंपळापुरे सरांच्या टेबलावर.
नवा गर्डर बसवला. त्याच्या पोटावर
फुलबासननं लाल ऑइलपेंटनं
माझ्याकडून एकेक अक्षर विचारून लिहिलं:
हा बिनकामाचा दिसेल.
काढू नये.